कॅरेटमधली चार अंडी

— नाई छायाताई, थांबा, अंदर जाऊ नका अजून. हे मी सांगायचं नव्हतं. आईनं सकाळीच देव्हाऱ्यासमोर शपथ घातली — पाहुण्यायपुढं तोंड उघडशीन तं याद राख, पिंकी. मी तशीही कुठं उघडते? शाळेत हजेरीले ‘हो’ म्हणते तेही मॅडमले ऐकू येत नाई. पण मी चहा दिला तेव्हा तुम्ही माझ्या रजतदादाकडे पाहून हसल्या, खरं हसल्या, अन् मले राहवलं नाई. थोडा वेळ आहे. आई कुंकवाचा करंडा शोधून राह्यली. तो भेटला की तुमच्या कपाळाले कुंकू लागन, अन् एकदा कुंकू लागलं की मंग कोण मागं फिरते? कोणी नाई. तोपर्यंत मी तुम्हाले वाडी दाखवून राह्यली, असंच समजा. ही वांगी, हा पालक, अन् हा गोठा — वर पाहा, टमाट्याचा जुना कॅरेट, प्लास्टिकचा खोका, टांगला आहे न, त्यात कबुतरं आहेत. हळू. अंडी किती दिसतात? चार — बराबर. कबुतर एका वेळेस दोन देते. मंग चार कशी? मी लय दिवस पाहत होती. नर नाईच त्यात. दोघी माद्या आहेत, दोघीयनं दोन-दोन दिली. पिल्लं निघत नाईत, तरी आळीपाळीनं बसतात, एकमेकीची मान खाजवतात, तिसरं पाखरू आलं तं दोघी मिळून हाकलतात. मी बाबाले सांगितलं तं बाबा म्हणे, असते ना बेटा, बकऱ्यात असते, कुत्र्यात असते, मी लहानपणापासून पाहून राह्यलो, त्यात काय नवल — हाकलू नका, त्यायचं घर आहे ते. मंग मी वर्गात पहिल्यांदा हात वर केला, विचारलं, मॅडम, माणसात पण असते काय? त्या दिवशी मॅडमचाच आवाज कोणाले ऐकू नाई आला. असते म्हणे, पहिलेपासून असते, खाली बस.

समजलं न मी काय म्हणते? नाई समजलं? — तुम्हाले बस स्टँडवरून आणलं तो ऑटोवाला, कुरळ्या केसायचा, तो अंकुश. तुमच्या बाबानं रस्त्यात त्याले विचारलं असन, पोरगा कसा आहे म्हणून. सगळेच पोराच्या दोस्ताले विचारतात. काय म्हणाला तो? — ‘त्याच्यासारखा माणूस भेटणार नाई.’ हो, असंच म्हणन. खोटं नाई बोलला, ताई. त्याच्याइतकं ते कोणालेच माहीत नाई. दादा सगळ्यायशी जमिनीकडे पाहून बोलते, अंकुशचा ऑटो वळणावर वाजला की मान वर होते. वाडीतली पहिली काकडी दादा घरात आणत नाई, त्याच्यासाठी ठेवते. दादाले ताप आला तेव्हा आई झोपली होती, अन् अंकुश बसला होता ओल्या कपड्याची घडी बदलत. आई उठली, पाहिलं, अन् ओळखलं. दादाचा मोबाइल पाण्याच्या टाक्यात टाकला, अन् अंकुशले बोलावून म्हणे — तुले त्याचं भलं पाहिजे न, मंग पाहुणे तूच घेऊन ये. तो घेऊन आला! ऑटो धुऊन आणला त्यानं, पाहिलं न? माझी आई वाईट नाई हो. ती म्हणते, लग्न झालं की येते माणूस लायनीवर. कुठून येते? दादा वाफ्याले पाणी सोडते अन् तिथंच उभा राहते, पाणी वाहून रस्त्यावर जाते, त्याले पत्ता नाई. परवा विहिरीच्या काठावर बसला होता. मले बोलता येतच नाई. मागून त्याचा शर्ट धरला फक्त. लय वेळ धरला.

माझ्या बाबाले सांग म्हणता? मी पण तेच ठरवलं होतं. ज्यायनं पाखराले राहू दिलं, ते पोराले राहू देतीन न? पण नाई म्हटलं तं? मंग काय उरते आमच्याजवळ? म्हणून तुम्हाले सांगून राह्यली. तुम्हीच नाई म्हणा. अंकुशचं नाव नका घेऊ — म्हणा पोरगा सावळा आहे, म्हणा मले भाजीची वाडी नाई पाहिजे, म्हणा नणंद आगाऊ आहे. — हे तुमचं पाचवं ठिकाण आहे? अन् तुमच्या आर्वीत लोक काय म्हणतीन... हो. मले समजते ताई. मी स्वार्थी आहे. पण दादाशी तुम्ही जन्मभर कशा बोलसान, तो जमिनीकडे पाहीन अन् तुम्हाले वाटीन माझंच काही चुकलं. अन् हे एकदा जमून गेलं न, तं आईले वाटीन असंच जमते, मंग माझ्या वेळेस पण — नाई, माझं काय मधातच. माझं काही नाई. काजल म्हणून पोरगी आहे, माझ्या बाकावर बसते. ती नाई आली तं शाळा सुनी वाटते, तिच्या कंपासमधलं रबर मी परत नाई केलं, एवढंच. तुम्ही अशा पाहू नका. हे मी दादालेही नाई सांगितलं. मले आत्ताच समजलं, सांगता सांगता.

करंडा? तो नाई भेटणार आईले. तो वर आहे, कॅरेटमध्ये, गवताखाली. मीच ठेवला. करंडा नसला तं कुंकू नाई लागणार, असं वाटलं मले —

“पिंकी! राहू दे तो करंडा! वच्छलाकाकूनं शेजारून तिचा आणला! छायाले घेऊन ये अंदर, सगळे बसले!”

— आली आई! — चाला. डोळे पुसा, आई विचारन. मी म्हणीन आपण कांद्याच्या वाफ्यात गेलतो. ताई, काकू कुंकवात बोट बुडवन न, तेव्हा तुम्ही फक्त कपाळ एवढंसं मागं —

“पिंकी!”