जाळ्याच्या दोऱ्याची शिवण

श्रावण वद्य अष्टमी. वारा पडलेला, दमट ऊन. बोर्लीच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटरचा स्क्रीन मी भिंतीकडे का फिरवला, असं विचारता ना? ते त्या दिवसापासून.

कोळीवाड्यातली हौसामावशी दिराला घेऊन आली. तिचा मुलगा होडीवरून पडून बेपत्ता होता. किनाऱ्याला लागलेल्या एका देहाचे फोटो पोलिसांनी दिराच्या मोबाइलवर पाठवले होते, पण एवढ्याशा पडद्यावर तिला नीट दिसेना. मी ते कॉम्प्युटरवर घेतले.

"दादा, उघडू नको हां. उघडलास म्हंजे तो माझाच झाला."

"उघडत नाही, मावशी. हे बटण दाबलं की फोटो न उघडता नुसता दिसतो, सोडलं की जातो."

"मग तोंड नको. कपडं दाखव."

कपड्यांच्या फोटोवर जाऊन मी बटण दाबलं. शर्टाचा खिसा जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने, जाळ्याच्याच गाठी मारून शिवलेला होता.

दीर म्हणाला, "वयनी, आपल्यात सगळ्याच बाया असं शिवतात."

"सगळ्या उजव्या हातानं शिवतात. ही गाठ उलटी हाय. मी डावरी."

मी बटण सोडलं. फोटो गेला. रिकाम्या पडद्यावर, खिसा होता तिथे, तिने बोट ठेवलं.

"आता उघड," म्हणाली.

मी फोटो उघडला आणि छापून दिला. संध्याकाळी पोलीस ठाण्यात तिने त्या छापील फोटोच्या मागे, मुलगा ओळखल्याचा अंगठा उठवला. तेव्हापासून स्क्रीन भिंतीकडे; समोरच्याने 'उघड' म्हटल्याशिवाय मी तो कोणाकडे वळवत नाही.