कायम लागतात, असं मी लिहून बसलो

सन्माननीय अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख श्री. क्लाइड, पाद्री महोदय, खेकड्यांच्या धंद्यातले माझे बंधुभगिनी, मेक्सिकोतल्या हिडाल्गोहून आलेल्या सोळा भगिनी, आणि ज्यांच्या निवृत्तीसाठी हा हॉल भरलाय त्या आमच्या मिस लॉरेन,

मी हार्लन टोली. खेकडे उकडतो, भाषणं करत नाही. तेव्हा सांभाळून घ्या.

मिस लॉरेननी एकतीस वर्षं आमची कचेरी चालवली. मेक्सिकोतून खेकडे सोलायला येणाऱ्या बायकांचे हंगामी व्हिसे हे त्यांचं खातं. या हिवाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. म्हटलं, अर्जासोबतचं पत्र आपणच लिहू, त्यात काय मोठंसं? आणि मनापासून लिहिलं हो! "या बायका घरच्याच आहेत. एपिफानिया तर बावीस वर्षं येते. त्यांच्यावाचून आमचा एक दिवस जात नाही. त्या आम्हाला कायम लागतात."

आठवड्यात सरकारी नोटीस हजर. गरज कायमची असेल, तर हंगामी व्हिसा कसा द्यायचा? दहा दिवसांत खुलासा करा.

या बायका आल्या नाहीत तर आमची भट्टी पेटणार नव्हती, आणि तिकडे सोळा घरं आमच्या भरवशावर होती. मिस लॉरेन कुबड्या घेऊन आल्या, पत्र वाचलं.

"हार्लन, हा अर्ज आहे की लग्नातलं भाषण?"

"खरं तेच लिहिलंय."

"जानेवारीत खेकडा कुठे असतो?"

"चिखलात, झोपलेला."

"मग त्या सोलणार काय, चिखल? कधीपासून कधीपर्यंत माणसं हवीत, तेवढं सरकारला सांग. तुझी माया तुझ्यापाशी ठेव."

त्यांनी बंद शेडचे, उलट्या ठेवलेल्या टेबलांचे फोटो काढले, दर वर्षीच्या हंगामाच्या तारखा जोडल्या आणि खुलासा धाडला. माझं जेवणावरून मन उडालं होतं. शेवटी मंजुरी आली. काय सांगू, छातीवरचा धोंडा उतरला! मी त्यांना अशी मिठी मारली की कुबडी खेकड्यांच्या रिकाम्या टोपलीत पडली.

धंदेवाल्यांनो, एवढं ध्यानात ठेवा. आधी इथल्या लोकांसाठी कामाची जाहिरात द्या. तारखा नेमक्या लिहा. प्रवासखर्च आपला, आणि दलालाला बायकांकडून छदामही घेऊ देऊ नका. हे सगळं मिस लॉरेनचं शिकवणं, माझं नव्हे.

एप्रिलमध्ये बस आली. एपिफानिया उतरली, सगळा किस्सा ऐकला आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मिस्टर हार्लन, बावीस वर्षांत आम्हाला एकदा तरी बरं म्हणालात? आणि सरकारला मात्र पत्र!"

बाई खरं बोलली. माझ्या तोंडून कौतुक निघतच नाही, काय करू? मिस लॉरेनलाही मी एकतीस वर्षांत "ठीक आहे" याच्यापुढे काही म्हटलेलं नाही.

मिस लॉरेन, इकडे बघा. या सोळाजणी आज इथे बसल्यात, त्या तुमच्यामुळे. माझं दार उघडं आहे, तेही तुमच्यामुळे. आणि सोमवारी तुमची खुर्ची रिकामी दिसेल, त्याची मला भीती वाटते.

आपण सर्व आलात, आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द चुकला असेल, तर पोटात घाला. हे भाषण लिहिताना तपासून द्यायला मिस लॉरेन नव्हत्या.