संदर्भ : थीराबाईंची खिडकी

विषय : गावच्या उद्यानात बांधल्या जात असलेल्या लाकडी रोलर कोस्टरला त्याचा नैसर्गिक आवाज करू देण्याबाबत. संदर्भ : श्रीमती थीरा यांच्या स्वयंपाकघराची खिडकी... असं स्वच्छ अक्षरात लिहून दिलं हो मी, आणि नगरपालिकेच्या काउंटरमागची ती पोरगी मला काय म्हणाली असेल? 'आजोबा, संदर्भात पत्राचा क्रमांक घालतात, खिडकी नाही घालत.' मला! संदर्भात काय घालतात हे मला! तुम्हाला सांगतो, सगळी नोकरी बंदराच्या कचेरीत आवक-जावक करण्यात गेली माझी, संदर्भ चुकला म्हणून माझ्या टेबलावर बोटी अडल्यात बोटी, आणि ही मला... बरं, वर म्हणते, 'तुम्ही प्रकल्पाच्या बाजूने की विरोधात? दोन्ही चौकटींत खूण केलीय तुम्ही.' केलीय! कारण दोन्ही खरं आहे! आता हे तिला कुठून सांगायला घेऊ? तिच्यापुढे रांग होती. तुमच्यापुढे काही रांग नाही, तुम्हालाच सांगतो.

मुळात आम्ही काही केलेलंच नाही. आम्ही फक्त बघत होतो!

रोलर कोस्टर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर लोखंडाची नळकांडी आली असणार. ती नव्हेत! लाकडी! पाइनच्या तुळया, त्यांना आडव्या-तिरक्या पट्ट्या, मोजता येणार नाहीत इतके बोल्ट, आणि वरून गाडी सुटली की सगळा सांगाडा अंगभर हलतो, कुरकुरतो, गुरगुरतो... जिवंत असतो हो तो! असा कोरा, नवा, लाकडी आपल्या गावात उभा राहणार अशी बातमी आली तेव्हा मी धावत जाऊन बायकोला मिठी मारली. ती म्हणाली, 'कोण गेलं?'

तर आम्ही तिघं. मी एव्हाल्ड. दुसरा होल्गर, निवृत्त दाताचा डॉक्टर, त्याला जगात काहीही दाखवा, जबडाच दिसतो. पहिला उतार उभा राहायला लागला तर म्हणे, 'अक्कलदाढेसारखा तिरका येतोय, सुंदर!' आणि तिसरी सिसे, शहर बस चालवते. उद्यानापाशी तिचा थांबा आहे. तिथे कुणी चढणारं नसलं, उतरणारं नसलं, तरी ही बाई बस थांबवणार, दारं उघडणार, आणि आरशात बघत बसणार. आतले लोक ओरडतात, 'अहो, चला ना!' ही म्हणते, 'थांबा, क्रेन वर चाललीय.'

आता तुम्ही म्हणाल, म्हातारपणीचे चोचले. असू देत! पण होल्गरचं ऐका. त्याच्या खुब्याचं हाड झिजलंय. सर्जन म्हणाला बदलू या. होल्गरने विचारलं, 'बदलल्यावर लाकडी कोस्टरमध्ये बसता येईल?' सर्जन हसला, मग त्याच्या लक्षात आलं की हा गृहस्थ हसत नाहीये, मग म्हणाला, 'कधीच नाही.' संपलं! होल्गरने ऑपरेशन पुढे ढकललं. 'आधी पहिल्या डब्यातली पहिली सीट, मग खुबा.' तेव्हापासून काठी टेकत, दात-ओठ खात चालतो, आणि दात-ओठ खाल्ल्याने दातांची वाट लागते हेही मध्येच थांबून आपल्याला सांगतो. म्हणजे बघा, जेवढं काम लांबणार तेवढा हा लंगडणार. अशा परिस्थितीत काम अडावं असं आम्हाला वाटेल? आम्हाला?

पण उद्यानवाल्यांनी काय केलं, भोवती उंच कुंपण घातलं आणि त्यावर हिरवं कापड ताणलं! म्हणे उद्घाटनापर्यंत गुपित. अहो, अख्ख्या डेन्मार्कमध्ये टेकडी म्हणून जे दाखवतात त्यावर उभं राहिलं तर शेजारच्याची गाय दिसत नाही, आम्ही बघायचं कुठून? शिडी आणली, रखवालदाराने खाली उतरवलं. झाडावर... जाऊ दे, झाडाचं नका विचारू. सिसे बसच्या टपावर चढणार होती, तिला मी नोकरीची शपथ घातली. शेवटी गल्लीच्या टोकाचं घर दिसलं. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघर, त्याची खिडकी नेमकी कुंपणाच्या वर! आणि त्या घराच्या फाटकावर भलीमोठी पाटी : 'रोलर कोस्टर नको! शांतता हवी!'

होल्गर म्हणाला, 'परत फिरू या.' मी म्हणालो, 'अजिबात नाही.' घंटा वाजवली. दार उघडलं थीराबाईंनी. ऐंशीच्या पुढच्या, ताठ, जहाजाच्या कप्तानाची विधवा. आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी म्हणालो, 'बाई, आम्हाला फक्त बघायचंय.' त्या म्हणाल्या, 'काय बघायचंय? ते धूड? बघा बापडे. बूट बाहेर काढा.'

आणि मग काय सांगू तुम्हाला... ती खिडकी! समोर चढण, त्यामागे पहिला उतार, सकाळच्या उन्हात लाकूड असं पिवळंधमक, ताज्या पावासारखं! दर गुरुवारी जायला लागलो. थीराबाई कॉफी ठेवायच्या, वेलदोड्याचे बन पुढे करायच्या आणि स्वतः ओट्याशी उभ्या राहून विचारायच्या. साधे प्रश्न हो! 'अहो एव्हाल्ड, ती साखळी कशाला?' मी सांगायचो, गाडी वर ओढायला. 'ती वाजते का?' वाजते म्हणजे काय बाई, खट् खट् खट् खट्, पार शेवटच्या गल्लीपर्यंत! 'अगंबाई. आणि मग खाली येताना?' मग होल्गर उठायचा, काठी आपटायचा. 'खाली येताना गडगडाट! बाई, हा जो तुमचा कपाटातला चिनी मातीचा सेट आहे ना, तो नाचेल!' आणि सिसे दोन्ही हात वर करून किंचाळून दाखवायची, माणसं कशी किंचाळतील ते. हुबेहूब! बाईंचा बोका एकदा फ्रीजवर चढला तो संध्याकाळपर्यंत उतरला नाही. आणि थीराबाई नुसत्या मान डोलवायच्या. 'अस्सं. अजून एक बन घ्या.'

मी म्हणतो, आम्हाला कळायला नको? फाटकावर पाटी होती, पाटी वाचता येत होती, तिघंही शिकलेले! पण समोर ते लाकूड उभं राहत असताना डोकं चालतं का कुणाचं? आम्ही फक्त बघत होतो!

बायको रोज संध्याकाळी ऐकवायची. 'सत्तरीचा बाप्या, परक्या बाईच्या स्वयंपाकघरात बसून सुतारकाम बघतो! आपलं छप्पर गळतंय ते बघ ना, तेही लाकडीच आहे!' मी म्हणालो, बिर्टे, आपल्या छपराला उतार नाही. म्हणजे आहे, पण तसा नाही.

आणि मग लागली कोस्टरवरच्या हरकतींची सुनावणी. शाळेच्या व्यायामशाळेत. अख्खी गल्ली हजर, नगरपालिकेच्या समितीच्या अध्यक्ष राग्नहिल्डबाई मधे, एका बाजूला उद्यानाचा तरुण संचालक माल्टे, केसाला काहीतरी चोपडलेला. जाताना होल्गरने माझा दंड धरला. 'एव्हाल्ड, आज एकच दिवस तोंड मिटून बस. माझ्या खुब्यासाठी.' मी म्हणालो, शब्द दिला. आणि खरंच दिला होता हो!

थीराबाई उठल्या. 'मी म्हातारी बाई, मला यातलं काय कळतंय? पण माझ्याकडे तज्ज्ञ येतात.' आणि आमच्याकडे बोट! 'हे तिघं. दर गुरुवारी. साखळी शेवटच्या गल्लीपर्यंत ऐकू येणार, माझा चहाचा सेट नाचणार, हे यांनीच सांगितलं. विचारा त्यांना.' अख्ख्या व्यायामशाळेने माना वळवल्या. सिसे खुर्चीखाली पडलेलं काहीतरी शोधायला लागली, काहीही पडलं नव्हतं. मी भिंतीवरच्या दोरखंडाकडे बघत बसलो. गप्प! शब्द म्हणजे शब्द.

तेवढ्यात तो माल्टे उठला. हसला. म्हणाला, 'ही मंडळी हौशी आहेत, थोडं वाढवून सांगतात. आधुनिक पद्धतीने बांधलेला हा कोस्टर अगदी शांत असेल. मांजरासारखा. तुमच्या ग्रंथालयाइतका शांत.'

ग्रंथालय!

तुम्हाला सांगतो, माझं मला कळलं नाही मी कधी उभा राहिलो. होल्गर माझा कोट खेचतोय, इकडून सिसेने पोटरीवर लाथ मारली, बुटासकट, आणि माझं सुरू! 'शांत? लाकडी आणि शांत? अहो, तुम्ही बांधताय काय, रोलर कोस्टर की कपाट? लाकूड आहे ते! ते गरजणार! वारा असला तर फिओर्डच्या खाडीपलीकडे ऐकू जाणार! खाली उभ्या माणसाच्या छातीत घुमलं पाहिजे, नाहीतर बांधता कशाला? ह्या बाई म्हणतात त्यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, उलट त्यांनी कमी सांगितलंय!' टाळ्या! काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोलण्याला टाळ्या पडल्या, आणि मी चक्क वाकून नमस्कार केला... आणि वाकल्या वाकल्या लक्षात आलं की टाळ्या वाजवणारी सगळी मंडळी विरोधातली आहेत.

राग्नहिल्डबाईंनी चष्मा काढला. 'आवाजाचा प्रश्न सुटेपर्यंत बांधकाम स्थगित.'

बाहेर आलो. पाऊस नव्हता, वारा नव्हता, काही बोलायला विषयच नव्हता. होल्गर काठी टेकत गाडीपर्यंत गेला. मी म्हणालो, 'होल्गर...' त्याने दार उघडलं. मग म्हणाला, 'गाढवा.' मग आत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, 'पण बोललास खरं तेच.'

मी त्याच क्षणी ठरवलं. हा कोस्टर मी पुरा करून घेणार. अडवलाय मी, सोडवणार मी. आणि गुरुवारी परत गेलो हो आम्ही थीराबाईंकडे! का नाही जायचं? काम थांबलं म्हणून बघणं थांबवायचं? सिसे धुमसत होती. म्हणाली, 'बाई, तुम्ही आम्हाला फसवलंत.' थीराबाई शांतपणे म्हणाल्या, 'फसवलं? मी फक्त विचारत होते, तुम्ही सांगत होता. कॉफीत दूध?' सिसेने कप पुढे केला. समोर कोस्टरचा दुसरा डोंगर अर्धाच उभा, रूळ हवेत जाऊन संपलेला. कुणी दात उपटून तसाच निघून गेल्यासारखं वाटतं, इति होल्गर.

मग माल्टेने डोकं चालवलं. नवा प्रस्ताव आणला : सगळा कोस्टर पेटीत घालायचा! चारी बाजूंनी आवाज अडवणाऱ्या भिंती, वर छप्पर! अहो, मी वाचलं आणि खाली बसलो. लाकडी कोस्टर, आणि पेटीत! ते आपण मेल्यावर करतात! तडक थीराबाईंकडे गेलो, म्हटलं झालं बाई, जिंकलात तुम्ही, करा मजा. त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, 'भिंत कुठून कुठपर्यंत?' मी बोटाने दाखवलं. इथून... तिथपर्यंत. त्या बघत राहिल्या. मग काय म्हणाल्या, त्यांच्याच आवाजात सांगतो : 'अरे एव्हाल्ड, तो लाल टोपीवाला सुतार परत कामावर येणार की नाही? आणि ही भिंत इथे आली तर मी बघू काय? आणि भिंतीकडे बघत कॉफी प्यायला गुरुवारी माझ्याकडे येणार कोण?'

पहिल्यांदा 'अरे' म्हणाल्या हो मला. तोवर 'अहो' होतं.

पण बाई पक्क्या! म्हणाल्या, 'आवाजाला माझा विरोध आहे तो आहेच. भिंतीला जास्त आहे. लिही.' मी लिहायला बसलो. अर्जदार चार : तीन बाजूचे, एक विरोधातल्या. मागणी : भिंत नको, छप्पर नको, कोस्टर उघडा, त्याचा आवाज त्याला करू द्यावा, फक्त दुपारी जेवणानंतर थीराबाई पडतात तेवढा वेळ गाडी बंद. होल्गर म्हणाला, 'आणि काम लवकर सुरू करा, असं लिही.' मी म्हणालो, ते शेवटी लिहितात, नम्रपणे. बाई म्हणाल्या, 'नम्रपणे कशाला?' तर असा तो अर्ज, आणि अशी ती दोन्ही चौकटींतली खूण. आता सांगा, तिथे त्या पोरीला मी हे सगळं कसं समजावणार होतो? तिने शेवटी संदर्भ खोडला नाही हे खरं. शिक्का मारला. आम्ही फक्त बघत होतो, एवढं बोलून मी निघालो.

वाटलं, सुटलं. कसलं सुटतंय! समितीचं म्हणणं पडलं, प्रत्यक्ष जागेवर पाहणी केल्याशिवाय निर्णय देता येत नाही, आणि जागा नीट दिसते कुठून? आल्या राग्नहिल्डबाई तीन सभासदांना घेऊन. बूट बाहेर काढले. खिडकीजवळच्या खुर्च्या गेल्या त्यांना, होल्गर बिचारा काठीवर रेलून दाराशी. राग्नहिल्डबाईंनी विचारलं, 'ती साखळी कशाला?' मी ओठ आवळून बसलो, पण मग सांगितलं... एक सभासद म्हणाला, त्या वळणापाशी गाडी आडवी होणार का? होल्गरने जबडा हाताने करून दाखवला. दोन तास! जाताना राग्नहिल्डबाई म्हणाल्या, 'प्रकरण गुंतागुंतीचं आहे. आणखी एकदा पाहणी करावी लागेल.' मी म्हणालो, कधी? त्या म्हणाल्या, 'गुरुवारी.'

तेव्हापासून दर गुरुवारी पाहणी असते. थीराबाईंनी जास्तीच्या खुर्च्या विकत आणल्या. होल्गरने सर्जनला पुन्हा फोन करून पुढची तारीख मागितली, सर्जनने आता तारीख विचारणं सोडून दिलंय. काल मी नगरपालिकेत जाऊन आलो, त्याच पोरीने उठून आतलं कपाट उघडून बघितलं, परत आली, आणि अगदी सभ्यपणे सांगितलं. अर्ज विचाराधीन आहे.