वाघाच्या घरचा कुकर

...नाही, पण तोंड बंद ठेवून खेळायचं म्हणजे काय? तुम्हीच सांगा! खेळ म्हटला की आरडाओरडा आलाच ना? आम्ही साधा लपंडाव खेळायचो तरी गल्ली डोक्यावर घ्यायचो! आणि ही शेजारची धाकटी, दिवसभर औषधाच्या दुकानात बिलं करते, संध्याकाळी कॉम्प्युटरपुढे बसून धडाधड बंदुका चालवते, आणि तोंडातून अवाक्षर नाही! का? तर ही पोरगी आहे हे समोरच्यांना कळू नये म्हणून! नाव पुरुषाचं घ्यायचं, माइक बंद करायचा, नि मुकाट्यानं खेळायचं. तोंड बंद ठेवून!

तुम्हाला सांगते, मला लोकांच्या घरात डोकवायची मुळीच सवय नाही. पण मधली भिंत पातळ, आणि माझी खुर्ची नेमकी भिंतीला टेकलेली... आता कान काय काढून ठेवू?

तर मागे एका रविवारी कुकर लावला नि आमच्या ह्यांना खोलीच्या दाराबाहेरून सांगितलं, "तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा हो." आतून आवाज आला, "हं. मीटिंग आहे." रविवारी मीटिंग! बरं, असेल बाई. मी आपली शेजारच्यांची वाटी परत द्यायला त्यांच्याकडे गेले. वाटी तशी आदल्या दिवशीच देता आली असती, पण असू दे.

बघते तर पोर पांढरीफटक! म्हणाली, "काकू, आज बोलावंच लागणार. स्पर्धेच्या संघासाठी निवड आहे. निवडणारे हा डाव बघतायत, त्यांना हाका देणारा, म्हणजे कुणी कुठे जायचं ते सांगणारा कॅप्टन हवाय." मी म्हटलं, "मग दे की हाका!" तर म्हणते, "तुम्ही ऐका फक्त," नि हेडफोनची एक बाजू माझ्या कानाला लावली.

हिच्या बाजूचे हिला धरून पाच जण. बाकीचे चौघं ओळखीचे नाहीत, कॉम्प्युटर जोडून देईल ते घ्यायचे. हिनं नुसतं म्हटलं, "मी मधून जाते, दोघं मागून या," आणि काय सांगू! "अरे, बाई आली रे बाई!" "ताई, रडू नका हं, काजळ पसरेल!" आणि एक होता, नाव काय तर 'एकटा वाघ', घोगऱ्या आवाजात गुरगुरला, "ए, जा घरी, भांडी घास!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात! अरे, ती घरीच आहे की मेल्या! घरात बसूनच खेळतेय!

बरं, तरी पोर शांत. "वाघ, उजवीकडच्या दारावर थांबा." हा मुद्दाम डावीकडे गेला! गेला नि मेला! वर म्हणतो, "बघा, बाईच्या नादी लागलं की हे असं." एकदा नाही, दर फेरीला तेच. डाव हातचा चालला. पोरीचे डोळे भरले, आणि तिचं बोट त्या माइकच्या बटणाकडे जायला लागलं... परत तोंड बंद ठेवायला! मी तिचा हातच धरला.

आणि तेवढ्यात शिट्टी झाली.

कुकरची हो! एका कानात भिंतीतून, दुसऱ्या कानात हेडफोनमधून. एकाच वेळी! मी म्हटलं, भास असेल. तर दुसरी... दोन्ही कानांत! तिसरी... दोन्ही कानांत! आणि हेडफोनमधला वाघ वैतागून म्हणतो, "च्यायला, ही बाई कुठे तडमडली!"

आता तुम्ही विचाराल, नवऱ्याचा आवाज कसा ओळखला नाही? अहो, इतक्या वर्षांच्या संसारात 'हं'च्या पुढे आवाज ऐकलाय कुणी!

ओढला तो माइक. "अहो एकटे वाघ! आधी तो कुकर बंद करा! आणि मग ही पोर सांगेल तिथे मुकाट्यानं उभे राहा!"

तिकडून बारीक आवाजात, "...अगं, तू?" पलीकडे खुर्ची सरकली, धावपळ झाली, शिट्टी थांबली. बाकीचे टवाळ? "वहिनी, आम्ही काही बोललो नाही हं, वहिनी!" लबाड मेले!

पुढे काय विचारता? पोरीनं 'उजवीकडे' म्हटलं की वाघ उजवीकडे. 'थांबा' म्हटलं की थांबला. डाव फिरला, जिंकला, पोरीची निवड झाली, आणि ती ओरडली... बाई गं, काय ओरडली! भिंतीवरचं घड्याळ तिरकं झालं. मीही ओरडले. तोंड बंद कोण ठेवतंय आता!

घरी आले. हे खाली मान घालून उभे. म्हणतात काय, "मला काय माहीत, ती आपल्या शेजारची आहे म्हणून?"

ऐकलंत? म्हणजे दुसऱ्या कुणाच्या शेजारची असती तर चाललं असतं! तिथे मी खरी पेटले. म्हटलं, "तुम्ही तिला भांडी घासायला पाठवत होतात ना? आपल्या घरात घासणी कुठे असते, सांगा." तर ह्यांनी कपाट उघडलं... कपड्यांचं!

तेव्हापासून आमच्या घरची भांडी वाघ घासतो. रोज! पोर माइक उघडा ठेवून खेळते, भिंतीपलीकडून आवाज येतो, "उजवीकडे, उजवीकडे!" ह्यांचा साबणाचा हात आपोआप उजवीकडे वळतो. बघायला जीव सुखावतो हो माझा.

फक्त एक आहे. ताटाला साबण तसाच, पातेल्याच्या बुडाला चिकटलेलं तसंच. म्हणून हे खेळायला बसले की ती सगळी भांडी मी परत घासते... गुपचूप. तोंड बंद ठेवून.