वाकडा गोळा आणि बाबांचं गाऱ्हाणं

गोट्या! अहो, सोळा वर्षं लॉन बोल्स खेळतेय मी भारतासाठी, ऑस्ट्रेलिया झालं, मलेशिया झालं, स्कॉटलंडात तर थंडीमुळे छपराखाली गालिच्यावर खेळवतात, तिथेही जाऊन आले, आणि इकडे आचऱ्याला आमच्या बाबांना कुणी विचारलं, शर्मिला खंय आसा, तर बाबा खळ्यात सुपाऱ्या सोलता सोलता सांगणार, “गोटये खेळूक गेला.” संपलं!

तुम्हाला सांगते, मेडलं आहेत हो घरात, येणारेजाणारे हातात घेऊन वजन बघतात. पण खेळताना मला बघितलंय कुणी? अख्खा जिल्हा फिरा, या खेळाचं मैदान सापडलं तर मला कळवा. आमच्याकडे सपाट जागा दिसली की माणूस आधी तिथे कोकमं वाळत घालतो! म्हणून सराव दिल्लीत, खेळ परदेशात, आणि जिंकले की घरी फोन. बाबा विचारणार, “जेवलंस? थंय पाऊस आसा?” की फोन आईकडे. सत्कार नको, काही नको... एकदा, फक्त एकदा बाबांनी मला खेळताना बघावं!

या वेळी ब्रिस्बेनला जायच्या आधी घरी गेले आणि ठरवलं, बाबांना खेळ समजावूनच सांगायचा. खळ्यात गोळा टाकून दाखवला. म्हटलं, बाबा, लांब एक छोटा पांढरा चेंडू असतो, त्याच्या जवळ आपला गोळा न्यायचा, आणि हा गोळा एका अंगाने वेगळा घडवलेला असतो, म्हणून तो वळतच जातो. बाबांचा चेहरा उतरला.

“म्हणजे सोळा वर्षां तुजो गोळो वाकडो जाता, आणि माका आज सांगतंस?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवळात! बाबांनी नारळ ठेवलेला, आमचे मानकरी लवूकाका गाऱ्हाणं घालतायत, “बा देवा महाराजा, ह्या आमचा चेडू शर्मिला परमुलखात खेळूक जाता, तेचो गोळो वाकडो जाता, तो सरळ जांदे रे महाराजा!” आणि मागून सगळा गाव, “व्हय महाराजा!” आता मला सांगा, चालू गाऱ्हाण्यात मध्येच ‘थांबा, मला वाकडाच हवाय’ म्हणायची कुणाची छाती आहे? हात जोडले, आणि माझ्याही तोंडून निघालं... व्हय महाराजा.

सेमीफायनल. शेवटचा गोळा. समोर प्रतिस्पर्धी मुलीचा गोळा आडवा बसलेला, त्याला वळसा घालून हळूच आत शिरायचं, हजार वेळा केलंय हो मी हे! खाली वाकले, आणि कानात काय? व्हय महाराजा! जोर जास्त लागला, आणि आमच्या खेळात जोर जास्त झाला की गोळा वळायचंच विसरतो... गेला की सरळ! कुणाला न शिवता थेट मैदानामागच्या चरात, म्हणजे बाद. हरले.

बाकावर टेकते तोच फोन. बाबांचा. सोळा वर्षांत त्यांनी आपणहून केलेला पहिला.

“बघलंय गो! शेजारच्या सिद्धेशाच्या मोबायलार पयल्यापासून बसान बघलंय. काय सरळ गेलो गो! देवान ऐकल्यान.”

आवाज भरून आलेला हो त्यांचा. ‘बाबा, मी हरले’ म्हणणार होते, पण म्हटलं, “व्हय बाबा, सरळ गेलो.” एकदा, फक्त एकदा बघावं म्हणत होते ना? बघितलं! कुठल्या मेडलाने दिलं नव्हतं इतकं सुख झालं, आणि तेव्हाच असं वाटलं की आत्ताच्या आत्ता उठावं आणि घरी जाऊन बाबांशेजारी खळ्यात बसावं. ढसाढसा रडले.

कोच धावत आल्या, पाठीवरून हात फिरवून म्हणतात कशा, “रडू नकोस ग, पुढच्या वेळी नक्की जिंकशील.”

आता यांना काय सांगू... पुढच्या वेळी गोळा वळून जिंकले, तर बाबा परत नारळ घेऊन देवळात जातील.