धुवा न लागणारा पडदा

…आणि म्हणते काय, तं ‘पडदा आना’! पडदा, जी! मी म्हटलं, अवो, पडदा तं आहे ना, चांगला फुलाफुलाचा, तुझ्याच जुन्या लुगड्याचा, मंग आणखी कोणता पडदा आणू? तं म्हणे कशी, ‘तो आता तुमीच धुवा. मले पडदा असा पायजे का त्याले धुवाच लागू नये. सापडला का चिठ्ठी टाका, मंग येतो मी. आन पडद्याचं जे काय धुनं-घासनं राहीन ना, ते यापुढं तुमचं!’ झालं! पेटी उचलली आणि चालली माहेराले, सौंदडले, छोट्या रेलगाडीत बसून! सुलोचनाबाई, आमची बायको, चार वर्षांचा संसार, कधी वर मान करून बोलली नाही… आणि गेली कशापायी? पडद्यापायी! तुम्हाले सांगतो, खिडकी केवढी? दोन हात बाय दीड हात!

तुम्ही म्हणाल, कवडू मास्तर, एवढ्याशा खिडकीपायी बायको कशी जाते? मलेही तसंच वाटलं होतं. पण आमचं घर कुठं आहे, गोरेगावात, राईस मिलच्या अगदी पाठीले. मिल सुरू झाली का भट-भट-भट-भट… फळीवरचे गिलास नाचाले लागते! आणि त्या मिलच्या भिंतीतून निघालं आहे एक पत्र्याचं नळकांडं, त्याचं तोंड कुठं, तं बरोब्बर आमच्या रांधणखोलीच्या खिडकीसमोर. त्यातून उडते कोंडा, तांदळाचा, बारीक, पिवळा. खिडकी लावली तं चुलीच्या धुरानं आत माणूस कोंडते, उघडली तं कोंडा आत येते. वरणात कोंडा, मिठात कोंडा, माझ्या टोपीवर कोंडा! शाळेत तपासणीले साहेब आले, टोपीकडे पाहून म्हणाले, ‘काय मास्तर, सकाळी मिलमध्ये पण जाता काय?’

म्हणून पडदा. पण पडद्यावर दोन दिवसांत कोंड्याचा हा थर बसते, मंग तो काढा, बोडीवर, म्हणजे गावतळ्यावर न्या, धुवा, वाळवा, टांगा… आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच! हे सगळं करत होती सुलोचना. मी कधी पाह्यलंच नव्हतं. पडदा धुतल्या जाते, एवढं माहीत होतं. सूर्य उगवते तसा पडदा धुतल्या जाते!

ती गेली, मी म्हटलं, ठीक आहे, धुतो. माणूस सातवी पास आहे, मास्तर आहे, पडदा धुवाले काय लागते? घेतला खांद्यावर, गेलो बोडीवर. तुम्हाले माहीत आहे काय, कोंड्याले पाणी लागलं का त्याचं काय होते? खळ होते, जी, खळ! पडदा हाताले चिकटला, हात दगडाले चिकटला, आपटावं तं छातीवर उडते, पिळावं तं बोटं सुटत नाही. बाजूले धुरपताबाई धुणं धूत होती, आमच्या आळीतली म्हातारी. ती म्हणे, ‘मास्तर, पडदा धुवून राहिले का त्याले झोपवून राहिले? आपटा ना जी जोरानं!’ आपटला जोरानं. कमरेत जी उसण भरली ती आठ दिवस राहिली. तिसऱ्या खेपेले बोटाची सालं निघाली आणि मी त्या दगडावर बसून हिशोब केला… दिवसाआड एक धुणं, चार वर्षं… सातशेच्या वर! सातशे वेळा त्या बाईनं हे केलं, आणि हातात बांगड्या घालून केलं, आणि घरी येऊन मले ताजा भात वाढला! मी तं तोंडात बोट घालून बसून राहिलो. लाज वाटली, खरं सांगतो. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहून राहिली आणि आपल्याले पत्ता नाही! तिथंच ठरवलं का आता पडदा असा निवडीन, असा निवडीन… खिडकी केवढी? दोन हात बाय दीड हात! पण त्या खिडकीनं माझी झोप उडवली.

रविवारी गोंदियाले गेलो. तिथं रेल्वेच्या साहेबाच्या बंगल्यावर आमचा जागेश्वर चपराशी आहे, माझ्यासंगं शिकलेला. म्हणे, ‘कवडू, पडदा पाहाचा हाय ना? मंग सायबाचा पाय. झिलमिली!’ आत नेलं. काय सांगू तुम्हाले! खिडकीवर लाकडी पट्ट्या, आडव्या, पांढऱ्या, एकाखाली एक, अठ्ठावीस पट्ट्या! जागेश्वरनं बाजूची दोरी अशी… नुसती अशी ओढली… आणि अठ्ठावीसच्या अठ्ठावीस पट्ट्या एकदम वळल्या! एका दमात! माझ्या वर्गात अठ्ठावीसच पोरं आहेत, जी, आजपर्यंत एकदा तरी एकदम वळली असतील तं शपथ! उजेड आत आला तो पट्ट्यापट्ट्यानं, जमिनीवर, भिंतीवर, जागेश्वरच्या तोंडावर… मी टोपी काढून हातात घेतली. म्हटलं, जागेश्वर गा, हाच! हाच पायजे! हा साफ करणं किती सोपं असन! तं जागेश्वरनं खिशातून फडकं काढलं, बोटाले गुंडाळलं, एक पट्टी वरून पुसली, खालून पुसली, कडेनं पुसली, आणि माझ्याकडे पाह्यलं. म्हणे, ‘एक झाली. बंगल्यात खिडक्या सहा. सोमवारी पहिली धरतो, शनिवारी सहावी होते, तवापर्यंत पहिली पुन्हा भरते. सात साल झाले, कवडू. घरी पोळी वाढली तं मी तिले आधी पुसतो!’

तिथून निघालो ते थेट बाजारात, श्यामलालच्या दुकानात. श्यामलालनं कापडाचं थानच उलगडलं समोर. ‘मास्टरजी, ये देखो, मोमजामा! गीला कपड़ा मारो, बस्स, साफ! आपके पोते भी यही टाँगेंगे!’ पोते? नातू कुठचे, इथं बायको माहेरी! पण मेणकापड काय सुंदर, जी! त्यावर कमळं, कमळात बदकं, आणि हात लावावा तं असं गुळगुळीत… पाण्याचा थेंब टाकला, तो घरंगळून गेला! मी दोनदा टाकून पाह्यला, दोनदा घरंगळला. म्हटलं, सुलोचनेले हेच दाखवीन. आणलं, खिडकीले बाहेरच्या अंगानं टांगलं.

चैताचं ऊन होतं. बाहेरून ऊन, आतून चूल… दोन दिवसांत मेण झालं मऊ आणि त्याच्यावर कोंडा असा बसला का भाकरीले पीठ लावावं. ओलं फडकं मारलं, तं फडकं चिकटलं! तिसऱ्या दिवशी शाळेतून येऊन पाहतो तं शालीकरामची गाय, शेजारची, खिडकीपाशी उभी राहून, डोळे मिटून, मन लावून पडदा चाटून राहिली! कोंडा गेला, बदकं गेली, कमळं गेली, अर्धा पडदा गाईच्या पोटात! शालीकराम उलटा माझ्यावरच ओरडते, ‘माझ्या गाईले काही झालं तं पाहा हं मास्तर!’ गाईले काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला पडदा खाले आली.

ही गोष्ट गावभर झाली. शाळेत पोरं हसे, बाजारात बाया हसे. एकच माणूस हसला नाही, तो म्हणजे बकाराम बुरूड, आठवडी बाजारात सुपं-टोपल्या घेऊन बसते तो. आपणहून घरी आला. मले वाटलं, माप घ्याले आला. माप कशाचं? खिडकी केवढी, दोन हात बाय दीड हात! पण त्यानं खिडकीकडे पाह्यलंच नाही. फळीवरचा कोंडा चिमटीत घेतला आणि जिभेवर टाकला! चघळला. डोळे बारीक केले. म्हणे, ‘गोड हाय.’ मी म्हटलं, बकाराम, मी पडद्याचं विचारून राहिलो, कोंड्याचं नाही. तं म्हणे, ‘पडद्याले काय विचारता, जी? पडद्यावर काय बसते ते पाहा ना. धूर बसला असता तं घासा लागला असता, माती बसली असती तं झटका लागली असती. हा तं खाचा माल हाय! गाईनं सांगितलं तुमाले, तरी समजलं नाही? ज्याले खाचा हाय त्याले द्या, तुमी काऊन घासून राहिले?’

आणि चौथ्या दिवशी बांबूच्या कामट्यांचे दोन चिक, म्हणजे पडदेच, विणून आणले. हिरव्या बांबूच्या सुईसारख्या कामट्या, दोन कामट्यांत एक तांदूळ आडवा जाईन एवढी फट, ना जास्त ना कमी. मी म्हटलं, दोन कायले? खिडकी तं एक! म्हणे, ‘धोतर किती हायेत तुमच्याजवळ? दोन ना? एक आंगावर, एक दांडीवर. तसा एक टांगा, एक बोडीत बुडवा. दगड ठेवून या, आन घासू नका, फक्त पाहा.’

पाह्यलं, जी. दोन दिवसांचा कोंडा बसलेला चिक घेऊन सकाळी बोडीवर गेलो, गुडघाभर पाण्यात पसरला, दगड ठेवला, काठावर बसलो. आधी काही नाही. मंग एक मासोळी आली, बोटाएवढी. मंग चार आल्या. आणि मंग… बाप्पा बाप्पा बाप्पा! शेकड्यानं! कामटीकामटीवर ओळ लावून, तोंडं खाली, शेपट्या वर, टुचू-टुचू-टुचू… एक कामटी सोडली नाही, एक फट सोडली नाही, वरून केली, खालून केली, कडेनं केली! त्या फटीत माझं बोट जात नव्हतं, तिथं त्याहीचं तोंड गेलं! पाणी आरशासारखं, वरून ऊन, ऊन पडून त्या पाठी चमकून राहिल्या, आणि खाली चिक हळूहळू हिरवा होऊन राहिला, विणला त्या दिवसासारखा. मी श्वास रोखून बसलो. शाळेची घंटा झाली, ऐकू आली, पण पाय उचलले नाही. बारा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा उशीर झाला. हेडमास्तरले काय सांगू? मासोळ्या पडदा धूत होत्या म्हणून?

त्याच दिवशी सौंदडले चिठ्ठी टाकली. ‘पडदा सापडला. धुवा लागत नाही. ये.’ पाचव्या दिवशी आली. पेटी ओट्यावरच ठेवली, आत नाही नेली. खिडकीवरचा चिक पाह्यला, बोट फिरवलं, बोट पिवळं झालं, आणि माझ्याकडे अशी पाह्यली का गाडी परतीची कितीले आहे तेवढं फक्त विचाराचं राह्यलं होतं! मी चिक काढला, दुसरा टांगला, म्हटलं, चाल. बोडीवर नेलं, पसरला. माझी छाती मिलसारखी भट-भट… आल्या नाही तं? आज उपास असला तं?

आल्या, जी. सगळ्या आल्या.

सुलोचना काठावर उकिडवी बसली. पदर पाण्यात गेला, तिले भान नाही. किती वेळ पाहत राह्यली, मंग हळूच म्हणाली, ‘माय वो… एवढं गोड लागते काय त्याहीले? आन मी सातशे वेळा दगडावर…’ मले वाटलं, आता रडते. मी म्हटलं, मोजलं आहे मी, सातशेच्या वर. तिनं मान वळवून माझ्याकडे पाह्यलं. माझ्या बोटांकडे पाह्यलं, सालं निघालेल्या. आणि हसली. चार वर्षांत तशी हसली नव्हती. म्हणे, ‘पेटी आत ठेवा जा.’ तुम्हाले सांगतो, मले त्या बोडीवर नाचावंसं वाटलं.

पण सौंदडची पोरगी, तळ्याच्या काठावर वाढलेली! मी उठाच्या आत तिनं पाण्यात पाय टाकला, चिकाची चारी टोकं धरली, झपकन् आवळली आणि वर उचलला… आत मासोळ्या! शेरभर! फडफड, फडफड, चांदीच चांदी! मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, भर बोडीवर.

घरी आलो, मी पाटावर बसलो, म्हटलं आता कालवण खाऊ. तं तिनं माझ्यासमोर काय ठेवलं? सुपात त्या मासोळ्या, विळी आणि मूठभर राख. म्हटलं, हे काय वो? म्हणे, ‘घासा. पडद्याचं घासनं तुमचं, असं ठरलं होतं ना? हे पडद्यातूनच निघालं ना, जी?’

तेव्हापासून पडदा एकदम साफ आहे! गावातून लोक पाहाले येते, मीही रोज पाहतो, रोज थक्क होतो. आणि रोज शाळेच्या आधी राख घेऊन बसतो… बोटाएवढी एकेक मासोळी, तिले दोन अंगं, एक पोट, खवले तं देवानं मोजूनच दिले नाही! काल तिनं बकारामले तिसरा चिक सांगितला. मी म्हटलं, अवो, तिसरा कोणत्या खिडकीले? तं म्हणे, ‘खिडकीले काऊन? सौंदडवरून पावणे येऊन राहिले ना जेवाले! मीच चिठ्ठी टाकली, आमचा पडदा लय चांगला हाय म्हनून.’ म्हणजे पाहुणे अकरा, पडदे तीन… आणि घासणारा मी एकटा.