रविवारची टोपली

सोमवारी चर्चच्या सभागृहात वजन घटवण्याच्या स्पर्धेतल्या बायकांची काट्यापुढे रांग लागली होती. वायोला काट्यावरून हसत उतरली, तसा लेइतूचा चेहरा पडला. मागे उभ्या असलेल्या फिलीने कान टवकारले.

“सहा किलो उतरलं!” लेइतू म्हणाली. “पहाटे आपण पाचहीजणी एकाच किनाऱ्यावरून चालतो, मग तूच तेवढी कशी गं वाळतेस?”

“तुम्हीच तर मला अंथरुणातून ओढून नेता.”

“आणि मी दर रविवारी पाठवते ते अळूचं पालुसामी? नारळाचं दाट दूध ओतते हो त्यात, मुद्दाम!”

“ठाऊक आहे. परत पाठवलं तर तुझा अपमान, म्हणून ठेवून घेते.”

“ठेवून घेतेस, पण खात नाहीस!”

“पाळकांच्या घरी पोचवते. रविवारी त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कशी जाऊ?”

“म्हणजे राबायचं मी आणि मिरवायचं तू! एवढं सगळं खातात ते?”

“छे गं! टोपल्यांचा ढीग पडतो तिथे. त्यांची बायको उरलेलं शेजारी देऊन टाकते.”

“शेजारी? अगं, त्यांच्या शेजारी तर मीच राहते!”

“मग सांग ना, कालची पानं नीट शिजली होती का?”

“पुढचं कोण?” काट्याजवळची बाई ओरडली.

लेइतू झटकन फिलीच्या मागे जाऊन उभी राहिली. “आधी हिला घ्या.”